रानडुकराचे मांस : पकड, शिकार व मांसाची प्रत

रानडुक्कर हा स्तनी वर्गाच्या समखुरी गणातील सुइडी कुलातला प्राणी असून त्याचे शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा असे आहे. आशिया व यूरोप खंडांत त्याचे मांस फार पूर्वीपासून खाल्ले जात आहे. मांसाची प्रत म्हणजे त्याचा रंग, मऊपणा, रसाळपणा, वास, टिकाऊपणा आणि आरोग्याच्या दृष्टीने निर्धोकपणा. पाळीव डुकराच्या बाबतीत ही प्रत मुख्यतः जात, खाद्य व कत्तलखान्यातील व्यवस्था यांवर ठरते. रानडुकराच्या बाबतीत मात्र प्राणी कसा हाती लागला, ही बाब तितकीच महत्त्वाची ठरते. सापळ्यात धरलेल्या डुकराचे मांस चांगले असते, कारण तो पळून दमलेला नसतो, असे एक मत आहे. उलट सापळ्यातील प्राणी तासन्‌तास धडपडतो म्हणून बंदुकीने एकाएकी मारलेल्याचे मांस अधिक चांगले, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु सापळा किंवा बंदूक हे साधन स्वतः निर्णायक नसते. मृत्यूपूर्वीच्या काही तासांत प्राण्याला किती श्रम व भीती सोसावी लागली आणि मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत शवाची व्यवस्था कशी झाली, यांवरच मांसाची प्रत अवलंबून असते.

भारतात रानडुकराला कायद्याचे संरक्षण असून त्याच्या मांसाचा व्यापार वैध नाही. तरीही पिकांच्या रक्षणासाठी आणि मांसासाठी त्याला धरण्याचे व मारण्याचे प्रकार घडतात. त्यामुळे या प्रश्नाला शेती, सार्वजनिक आरोग्य व वन्यजीव-संरक्षण या तिन्ही दृष्टींनी महत्त्व आहे.

कोकणातील परिस्थिती : रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर व त्याच्या दक्षिणेस असलेले हेदवी यांसारख्या किनारी गावांत या प्रश्नाची सर्व अंगे एकत्र आढळतात. समुद्रालगत नारळी-पोफळीच्या बागा, त्यांच्या मागे भातखाचरे, उतारावर आंबा-काजूची लागवड व माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा अशी येथील भूरचना आहे. मुंबईकडे झालेल्या स्थलांतरामुळे उतारावरील वरकस जमिनी मोठ्या प्रमाणावर पडीक राहिल्या. त्यांवर करवंद, घाणेरी, रानमोडी यांसारख्या वनस्पतींची दाट जाळी माजली आणि रानडुकरांना दिवसा लपण्यास शेताजवळच आसरा मिळाला. रात्री कळप खाली उतरतात व भात, नाचणी, वरी, सुरण, कणगर, रताळी तसेच नारळाची कोवळी रोपे उकरून टाकतात. प्रत्यक्ष खाण्यापेक्षा तुडवण्याने व उकरण्याने होणारी नासाडी पुष्कळदा अधिक असते. मादी सु. चार महिन्यांच्या गर्भावधीनंतर एका वेळी साधारणपणे चार ते सहा पिले देते. त्यामुळे अन्न व आडोसा मिळताच संख्या झपाट्याने वाढते.

पिकाच्या राखणीसाठी माळ्यावर बसून हाकारणे, डबे वाजविणे, धूर करणे हे जुने उपाय होत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका, गावकऱ्यांनी मिळून केलेला हाका आणि वाटेवर लावलेली तारेची फासकी ही मारण्याची व धरण्याची साधने होत. हाक्यात मिळालेल्या डुकराचे वाटे घालून ते घरोघर नेण्याची पद्धत होती.

या भागातील हवामानाचाही मांसाशी निकट संबंध आहे. किनाऱ्यावर वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असून हवा वर्षाचा बराच काळ उष्ण व दमट असते. थंड प्रदेशात रात्रभर बाहेर टांगलेले शव आपोआप गार होते. कोकणात तसे होत नाही. त्यामुळे यूरोपातील शिकारीचे संकेत येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेत वराहमांस पचनास जड, पुष्टिदायक व बलवर्धक म्हणून वर्णिले आहे. त्याच ग्रंथात आपोआप मेलेला, कृश, अतिमेदयुक्त, वृद्ध, अगदी बाल, विषाने मारलेला किंवा हिंस्र प्राण्याने मारलेला पशू खाण्यास वर्ज्य सांगितला आहे. प्राणी कोणता यापेक्षा तो कसा मेला यावर मांसाची ग्राह्यता ठरविण्याचा हा विचार लक्षणीय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२७–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात मृगयेचे विविध प्रकार आले असून वराहाचे केस गरम पाण्याने किंवा गवताच्या जाळाने काढून मांस सिद्ध करण्याची कृतीही दिली आहे. ब्रिटिश अमदानीत घोड्यावरून पाठलाग करून भाल्याने डुक्कर मारणे हा लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ झाला होता. त्यात मांसापेक्षा पाठलागालाच महत्त्व असे.

रानडुकराच्या मांसाची वैशिष्ट्ये : रानडुक्कर पाळीव डुकराचा पूर्वज असला, तरी दोघांच्या मांसांत स्पष्ट फरक असतो. सतत हालचालीमुळे रानडुकराच्या स्नायूंत ऑक्सिजन साठविणारे मायोग्लोबिन हे रंगद्रव्य अधिक असते. म्हणून मांस गडद तांबडे दिसते. स्नायूंतील चरबी कमी व संयोजी ऊतक (स्नायूंना बांधून ठेवणारे तंतुमय ऊतक) अधिक घट्ट असल्याने मांस चिवट लागते. चरबीचा साठा ऋतूप्रमाणे व उपलब्ध अन्नाप्रमाणे बदलतो. पिकलेल्या शेतावर पोसलेले डुक्कर उन्हाळ्याच्या अखेरीच्या डुकरापेक्षा मेदयुक्त असते. वयस्क नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड, कठीण थर असतो व तेथील मांस फार राठ असते.

स्नायूचे मांसात रूपांतर : जिवंत प्राण्याच्या स्नायूत ग्लायकोजेन या कार्बोहायड्रेटाचा साठा असतो. विश्रांती घेतलेल्या व पोट भरलेल्या डुकरात तो स्नायूच्या वजनाच्या सु. एक टक्का असतो. मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबते व ऑक्सिजनाचा पुरवठा बंद होतो. परंतु स्नायूंतील रासायनिक क्रिया लगेच थांबत नाहीत. ग्लायकोजेनाचे ऑक्सिजनाविना विघटन होऊन लॅक्टिक अम्ल तयार होते आणि ते वाहून नेण्यास रक्त नसल्याने तेथेच साचते. परिणामी स्नायूचे पीएच मूल्य सु. ७·२ पासून हळूहळू उतरून एका दिवसात ५·४ ते ५·८ च्या दरम्यान स्थिरावते. याच काळात मरणोत्तर ताठरता येते व पुढे स्नायूंतील एंझाइमांच्या क्रियेने मांस पुन्हा मऊ होत जाते.

ही अम्लता मांसाला तीन प्रकारे उपकारक ठरते. तिच्यामुळे कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंची वाढ मंदावते, मांसाला नेहमीचा उजळ रंग येतो आणि चव सुधारते. मात्र त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : मृत्यूच्या क्षणी स्नायूत पुरेसे ग्लायकोजेन शिल्लक असले पाहिजे आणि अम्लता शव थंड होत असताना सावकाश वाढली पाहिजे. यांपैकी एखादी अट मोडली, तर मांसात पुढील दोन दोषांपैकी एक उद्‌भवतो.

(१) फिके, मऊ व पाणी सुटणारे मांस : मृत्यूच्या अगदी आधी प्राणी अतिशय उत्तेजित झाला वा वेगाने धावला, तर ॲड्रेनॅलीन हॉर्मोनामुळे ग्लायकोजेनाचे विघटन झपाट्याने सुरू होते. मृत्यूनंतर पाऊण तासातच पीएच मूल्य ६·० च्या खाली जाते, परंतु शव अजून उष्णच असते. उष्णता व अम्लता यांच्या एकत्रित परिणामाने स्नायूंतील प्रथिनांची मूळ रचना बिघडते, त्यांची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि मांस फिके व पिचपिचीत होते. शिजविताना ते आक्रसून कोरडे पडते. हा दोष मांसल पाळीव जातींत, विशेषतः ताणाला संवेदनशील बनविणारे जनुक असलेल्या डुकरांत जास्त दिसतो. रानडुकरात त्या मानाने कमी आढळतो.

(२) गडद, घट्ट व कोरडे मांस : ताण दीर्घकाळ टिकला, तर ग्लायकोजेन मृत्यूपूर्वीच संपून जाते. मग लॅक्टिक अम्ल पुरेसे तयारच होत नाही व पीएच मूल्य ६·० च्या वर राहते. असे मांस काळसर व चिकट दिसते, त्याला पाणी सुटत नाही, मसाला आत नीट मुरत नाही आणि मुख्य म्हणजे ते फार लवकर नासते. रानडुकराचे मांस मुळातच गडद असल्याने हा दोष नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही; त्यासाठी पीएच मूल्य मोजावे लागते. उष्ण प्रदेशात हा दोष अधिक धोक्याचा आहे, कारण सूक्ष्मजंतूंना रोखणारी अम्लताही नाही आणि थंडीही नाही, अशी स्थिती उत्पन्न होते.

एकदा संपलेले ग्लायकोजेन पुन्हा भरून येण्यास विश्रांती, पाणी व अन्न मिळूनही एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. धडपडून थकलेला प्राणी थोडा वेळ शांत झाला म्हणजे त्याचे स्नायू पूर्ववत झाले, असे म्हणता येत नाही.

पद्धतींनुसार परिणाम : सापळा व शिकार या दोन्ही शब्दांखाली अनेक भिन्न पद्धती येतात व त्यांचे परिणाम परस्परांहून फार वेगळे असतात.

फासकी : वाटेवर वा कुंपणाच्या खिंडारात लावलेला तारेचा फास मान, छाती, कंबर किंवा पाय यांभोवती आवळतो. प्राणी सुटण्यासाठी जितका जोर करतो, तितका फास आत रुततो. काही वेळा मृत्यू गुदमरून लवकर येतो, तर कंबरेत वा पायात फास असल्यास प्राणी रात्रभर किंवा त्याहून अधिक काळ जिवंत राहतो. या काळात ग्लायकोजेन संपते, शरीरातील पाणी घटते, स्नायू फाटून रक्त साकळते व जखमेत जंतुसंसर्ग होतो. फासकी तपासणारा माणूस येईपर्यंत प्राणी मेला असल्यास रक्त शरीरातच राहते व आतड्यांतील सूक्ष्मजंतू मांसात पसरतात. मांसाच्या दृष्टीने ही सर्वांत निकृष्ट पद्धतींपैकी एक होय. शिवाय फासकी प्राणी निवडत नाही : रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत डुकरासाठी लावलेल्या फासक्यांत बिबटे अडकून जायबंदी झाल्याच्या वा मेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत.

पिंजरा व कुंपणाचा सापळा : आमिष ठेवून प्राण्याला आत घेणारा पिंजरा किंवा अख्खा कळप मावेल असे दार मिटणारे गोल कुंपण ही जिवंत धरण्याची साधने होत. आमिषाला सरावलेला कळप एकत्र सापडला, तर माणूस जवळ येईपर्यंत तो पुष्कळदा बराच शांत राहतो. सकाळी माणसे, कुत्री व वाहने येताच मात्र डुकरे जाळीवर धडका मारू लागतात. नाक व जबडा फुटतात, अंगावर रक्त साकळते. जाळीऐवजी बाहेरचे दिसू न देणाऱ्या भिंती, सावली व पाणी यांची सोय आणि बघ्यांना मज्जाव यांमुळे हा ताण पुष्कळ कमी होतो. सापडल्यापासून थोड्याच वेळात जागीच एका गोळीने मारलेल्या डुकराचे मांस उत्तम प्रतीचे असू शकते. त्याच डुकराला पाय बांधून, काठीला उलटे टांगून किंवा वाहनात कोंबून दूर नेले, तर पिंजऱ्याचा फायदा नाहीसा होतो.

लागावरची शिकार : माळ्यावर किंवा आडोशाला बसून, चरत असलेल्या व सावध न झालेल्या डुकराच्या डोक्यात अथवा मानेत गोळी मारल्यास मृत्यू तत्काळ येतो. ताणाचा काळ जवळजवळ शून्य असल्याने ग्लायकोजेन टिकून राहते व अम्लता योग्य गतीने वाढते. सर्व पद्धतींत ही मांसाच्या दृष्टीने श्रेष्ठ समजली जाते. तिचे यश नेमावर अवलंबून असते. गोळी पोटात लागल्यास आतड्यांतील द्रव्य उदरपोकळीत व मांसात पसरते. शिवाय जखमी प्राणी पळून जाऊन तासाभराने वा दुसऱ्या दिवशी सापडला, तर वर सांगितलेले दोन्ही तोटे एकत्र होतात. ठासणीच्या बंदुकीतील छर्ऱ्यांनी अशा जखमा विशेषेकरून होतात.

हाका व कुत्र्यांची शिकार : हाक्यात माणसे आरडाओरडा करीत रान उठवितात व पळणाऱ्या डुकरावर गोळी झाडली जाते. पाठलाग थोडा व गोळी अचूक असेल, तर हानी मर्यादित राहते. परंतु धावत्या प्राण्यावरील नेम चुकण्याचा व जखम भलत्या जागी होण्याचा संभव मोठा असतो. डुकरात कार्यक्षम घर्मग्रंथी नसतात. चिखलात लोळून तो अंग थंड ठेवतो. त्यामुळे उष्ण हवेत धावल्यावर त्याच्या शरीराचे तापमान झटकन वाढते. अशा तापलेल्या शवाला थंड होण्यास अधिक वेळ लागतो व मांस बिघडण्याची क्रिया लवकर सुरू होते. कुत्र्यांनी घेरून चावे घेतलेल्या डुकरात ताणाबरोबर फाटलेल्या मांसाचा व लाळेतून होणाऱ्या संसर्गाचाही दोष येतो.

स्फोटक आमिष, वीज व विष : खाद्यात लपविलेल्या गावठी बॉम्बने जबडा उडालेला प्राणी अन्नपाण्याविना अनेक तास, क्वचित काही दिवस जगतो. कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने मेलेला प्राणी सकाळपर्यंत तसाच पडून राहतो व त्याचे रक्त निघत नाही. कीटकनाशकाने मेलेल्या प्राण्याच्या ऊतकांत विष उतरलेले असते आणि शिजविल्याने ते नाहीसे होईल, असा भरवसा देता येत नाही. या तिन्ही प्रकारांतील मांस खाण्यास सर्वथा अयोग्य होय. विजेच्या तारांनी माणसांचे व गुरांचेही बळी गेले आहेत.

वय व लिंग यांचा प्रभाव : सापळ्यातील डुकराचे मांस मऊ असते, या समजुतीमागे आणखी एक कारण आहे. आमिषाला लवकर बळी पडतात ती मुख्यतः पिले व अननुभवी जनावरे. जुना नर सहसा एकटा व सावध असतो आणि पिंजऱ्यात क्वचितच शिरतो. बंदूकधारी मात्र पुष्कळदा सुळ्यांचा मोठा नर निवडतो. त्यामुळे पहिल्या मांसाचा मऊपणा व दुसऱ्याचा राठपणा हा अंशतः वयाचा परिणाम असतो, पद्धतीचा नव्हे. समान वयाची व लिंगाची जनावरे घेतल्याशिवाय दोन पद्धतींची तुलना योग्य ठरत नाही.

वयात आलेल्या नराच्या मांसाला येणारा उग्र दर्प हाही पकडण्याच्या पद्धतीशी निगडित नसतो. वृषणात तयार होऊन चरबीत साठणारे अँड्रोस्टेनोन व आतड्यांत ट्रिप्टोफेनाच्या विघटनाने तयार होणारे स्कॅटोल ही संयुगे त्याला कारणीभूत होत. विणीच्या काळात हा दर्प वाढतो. तो मुख्यतः चरबीत असल्याने चरबी काढून टाकल्यास कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही.

मृत्यूनंतरची व्यवस्था : मारण्याची पद्धत निर्दोष असूनही पुढील एकदोन तासांत मांसाची नासाडी होऊ शकते. प्राणी कोसळताच मान व छाती यांच्या सांध्याजवळील मोठ्या रक्तवाहिन्या कापून रक्त जाऊ द्यावे लागते, कारण स्नायूंत राहिलेले रक्त सूक्ष्मजंतूंना पोषक ठरते. त्यानंतर आतडी न फोडता उदरपोकळी रिकामी करणे ही सर्वांत निकडीची बाब होय. डुकराच्या शरीराचे तापमान सु. ३९° से. असते, जाड कातडी, राठ केस व चरबीचा थर यांमुळे उष्णता आतच कोंडून राहते. हवेचे तापमान ३०° से.च्या आसपास असल्यास पोट फुगू लागते व खुब्याच्या हाडाभोवतीचे खोल मांस बाहेरून ताजे दिसत असतानाच आतून आंबते. पेंढ्याच्या जाळावर केस भाजण्याच्या पद्धतीने कातडी स्वच्छ होते. परंतु आतडी आत ठेवून भाजल्यास शवाची उष्णता आणखी वाढते.

वाटे घालण्याच्या पद्धतीत गरम मांसाचे ढीग करून ते पिशव्यांत वा पानांत बांधून नेले जाते. ढिगाच्या मध्यभागी उष्णता टिकून राहते, हा तिचा एक दोष. दुसरा दोष अधिक गंभीर आहे : यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे व लसीका ग्रंथी यांवर रोगाची चिन्हे प्रथम दिसतात, पण हे अवयव फेकले किंवा वाटले गेल्यावर कोणते मांस कोणत्या अवयवांसह होते, याचा माग राहत नाही. रोगट जनावर ओळखण्याची एकमेव संधी अशा रीतीने हातची जाते.

शिशाच्या गोळीचे सूक्ष्म तुकडे जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात विखुरतात व डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून जखमेभोवतीचा मोठा भाग टाकून द्यावा लागतो. शिसे शिजविण्याने नाहीसे होत नाही. उलट आंबट द्रव्यात शिजविल्यास ते अधिक विरघळते. कोकणात आमसुलाचा वापर सर्रास होत असल्याने ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना शिशाचा अपाय विशेष होतो.

रोग : जिवंतपणी तपासणी न झालेले, हा सर्व रानमांसाचा समान दोष होय. ट्रिकिनेला या गोलकृमीच्या अळ्या डुकराच्या स्नायूंत राहतात व अर्धकच्च्या मांसातून माणसाच्या स्नायूंत शिरतात. मांसाच्या गाभ्याचे तापमान ७१° से.पर्यंत नेल्यास त्या मरतात. मीठ लावणे, वाळविणे वा धुरी देणे हे उपाय विश्वसनीय नाहीत. ⇨पट्टकृमीच्या अळ्याही कमी शिजलेल्या डुकराच्या मांसातून माणसाकडे येतात. यकृतशोथ ई या रोगाचे विषाणू रानडुकराच्या कच्च्या यकृतातून व मांसातून संक्रमित झाल्याची उदाहरणे जपानमध्ये नोंदली गेली आहेत. ब्रुसेला सूक्ष्मजंतूंचा संसर्ग खाण्यापेक्षा शव फाडताना हातावरील जखमांतून अधिक होतो. लेप्टोस्पायरा सूक्ष्मजंतू मूत्रातून व मूत्रपिंडांतून पसरतात. शिकारी स्वतःच पहिला रुग्ण ठरण्याचा संभव त्यामुळे असतो. आफ्रिकी वराहज्वर हा २०२० मध्ये भारतात, प्रथम ईशान्येकडील राज्यांत, आढळलेला विषाणुजन्य रोग माणसाला होत नाही. परंतु मृत रानडुकराचे मांस व टाकाऊ भाग यांतून तो पाळीव डुकरांत पोहोचून सबंध कळप नष्ट करू शकतो.

मंद आचेवर दीर्घकाळ शिजविण्याच्या भारतीय पद्धतीने संयोजी ऊतक विरघळून मांस मऊ होते व परजीवी मरतात. मसाल्यांमुळे मांस बिघडल्याची खूणही झाकली जाते, ही तिची दुसरी बाजू होय. नासलेल्या मांसातील काही विषद्रव्ये उष्णतेने नष्ट होत नाहीत.

इतर देशांतील व्यवस्था : एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे विविध देशांनी दिली आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाळीव डुकरांपासून रानटी बनलेल्या डुकरांचा उपद्रव मोठा आहे. तेथे बंदुकीने मारलेल्या डुकराचे मांस शिकारी स्वतः खाऊ शकतो, परंतु विकू शकत नाही. विक्रीसाठी डुक्कर जिवंत धरून कत्तलखान्यात आणावे लागते व तेथे मृत्यूपूर्वी आणि नंतर तपासणी होते. म्हणजे वाहतुकीचा ताण पत्करून तपासणीची शाश्वती मिळविली आहे. यूरोपीय संघात याउलट रानात मारलेल्या डुकराचे मांस विकता येते. मात्र प्रशिक्षित व्यक्तीने शव व अवयव पाहणे, शव ७° से. किंवा त्याखाली थंड करणे आणि प्रत्येक डुकराची ट्रिकिनेलासाठी परीक्षा करणे बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात परवानाधारक शिकारी रात्री गोळीने मारलेली डुकरे रानातील शीतपेट्यांपर्यंत ठराविक वेळात पोहोचवितात. तिन्ही व्यवस्थांत साधन वेगळे असले, तरी तपासणी व शीतकरण या दोन गोष्टी कोणीही वगळलेल्या नाहीत.

भारतातील कायदा : मुंबई राज्यात वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम १९५१ मध्ये झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या तिसऱ्या अनुसूचीत रानडुकराचा समावेश होता. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना झाली व १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच धरणे, विष घालणे, फास लावणे, सापळ्यात पकडणे, हाकणे व आमिष दाखविणे या सर्व क्रिया येतात. सापळा आणि शिकार असा भेद कायदा करीत नाही. रानडुक्कर मानवी जीवितास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झाल्यास कलम ११ अन्वये अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. तरीही असा मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो व त्याचे मांस शेतकऱ्याला मिळत नाही. केरळ राज्याने २०२२ मध्ये अशी परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले, तेव्हाही शवाची शास्त्रीय पद्धतीने विल्हेवाट लावण्याची अट कायम राहिली. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याखालील नियमांप्रमाणे विक्रीच्या मांसासाठी मृत्यूपूर्वी व मृत्यूनंतर पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

परवानगीने मारलेल्या प्राण्याचे मांस वाया जाते, म्हणून ते उपयोगात आणावे, अशी सूचना वेळोवेळी केली जाते. मांसाला किंमत आल्यास पिकाचे निमित्त करून मांसासाठी शिकार वाढेल, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे. शास्त्रीय दृष्ट्या पाहता अशी योजना केवळ बंदुकीच्या परवान्याने साध्य होणारी नाही : नेमबाजांचे प्रशिक्षण, गावापर्यंत शीतगृहाची सोय, पशुवैद्यक व ट्रिकिनेलाची प्रयोगशाळा ही सर्व साखळी उभी केल्याशिवाय ते मांस निर्धोक ठरणार नाही. सध्याच्या स्थितीत चोरून लावलेल्या फासकीतून किंवा रात्रीच्या हाक्यातून आलेले मांस घाईने, लपवून व अंधारात कापले जाते. रक्त काढणे, थंड करणे, अवयव पाहणे या ज्या क्रियांवर त्याची प्रत अवलंबून असते, नेमक्या त्याच गाळल्या जातात.

कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मांसापेक्षा पिकाचे रक्षण अधिक मोलाचे आहे. एकत्रितपणे घातलेले भक्कम कुंपण, कमी शक्तीच्या प्रवाहाने केवळ झटका देणारे सौर कुंपण, पडीक जमिनीवरील झुडपांची वेळोवेळी सफाई, सामुदायिक राखण आणि झालेल्या नुकसानीची शासनाकडून मुदतीत मिळणारी भरपाई हे त्यावरील वैध मार्ग होत. तारेची फासकी व विजेचा प्रवाह सोडलेली तार यांनी पीक क्वचित वाचते. परंतु डुकराचे मांस खाण्यायोग्य राहत नाही आणि बिबट्या, गुरे व माणूस यांच्याही जिवाला धोका उत्पन्न होतो.